माफीवर सही तुमच्या हिश्श्यापुरतीच

ताई, माझं माहेर करवीर तालुक्यात, सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. 2009 साली बांधाच्या भांडणात माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यात चुलत भावानं खोरं घातलं. सीपीआर दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चुलत भावाला जन्मठेप झाली, कळंबा जेलला होता, यंदा सुटून आला. वहिनी तेव्हाच दोन वर्षांच्या पोरीला घेऊन इचलकरंजीला माहेरी गेली, ती परत आली नाही.

आता चुलत भावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. भावकीनं देवळात बैठक घेतली आणि मला बोलावून सांगितलं, "त्यानं भोगलं की. वाल्याचा वाल्मीकी होतोच न्हवं? तू मोठी आहेस, तू माफ केलंस की विषय मिटला." पत्रिकेत माझ्या भावाचं नाव 'कै.' लावून घालणार म्हणतात. काकू मागच्या दारानं आली, पुरणपोळ्यांचा डबा कट्ट्यावर ठेवला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सत्तरी उलटलेली बाई! माझा मुलगा म्हणतो, त्यांच्या रक्तातच खून आहे, असल्यांना फासावरच लटकवायला पाहिजे होतं. आणि मला रात्री भलतंच आठवतं. लहानपणी जोतिबाच्या खेट्याला चालून माझे पाय सुजले, तेव्हा मला खांद्यावर घेऊन डोंगर चढला तो हाच चुलत भाऊ.

माफ करवत नाही आणि पुरता रागही धरवत नाही. मी बहीण म्हणून कमी पडतेय, का माणूस म्हणून?
— करवीरची एक माहेरवाशीण

ताई,

पत्रिकेचं आधी सांगते, कारण छापखाना आपल्यासाठी थांबत नाही. नाव घालू द्यायचं नाही. आजच फोन करून सांगा.

पत्रिकेत गेलेल्या माणसाचं नाव 'कै.' लावून घालतात, त्याचा अर्थ गावात शाळकरी पोरालाही कळतो. हा असता तर आज मांडवाच्या दारात उभा राहून आल्या-गेल्याला 'या, बसा' म्हणाला असता. तुमचा भाऊ त्या दारात नसेल, याला कारण नवरीचा बाप आहे. त्या बापाच्या नावाच्या वर-खाली भावाचं नाव छापायचं म्हणजे मेलेल्या माणसाकडून त्याच्याच खुनाची पोच घ्यायची. भावकीत कुणालाच हे खटकलं नसेल असं मला वाटत नाही. खटकलं असेल, पण बैठकीत तोंड कुणी उघडायचं?

आता माफीचं. तुमचं सगळं कोडं मला इथं अडकलेलं दिसतं: भावकी तुमच्याकडं जे मागतेय, ते सगळं तुमच्या मालकीचंच नाही. सामायिक सातबाऱ्यावर चार नावं असली, तर एकटीच्या सहीनं सगळी जमीन जात नाही. आपल्या हिश्श्यापुरती सही चालते. माफीचंही तसंच आहे. या खुनात सगळ्यांत मोठा हिस्सा भावाचा. तो आता सही करू शकत नाही आणि त्याच्या वतीनं करायचं कुलमुखत्यारपत्र कुणाकडं नाही, देवळात बसलेल्या थोरांकडं तर नाहीच. दुसरा हिस्सा वहिनींचा. भर तारुण्यात कपाळ पुसून, लेकरू काखेत घेऊन त्या इचलकरंजीची एसटी धरून गेल्या. तिसरा त्या लेकराचा, तिला बाप फोटोतच माहीत. मग तुमचा आहे. खरा आहे, पण बाकी सगळ्यांचा बोजा तुमच्या सहीवर टाकण्याइतका मोठा नाही.

बैठकीत वहिनींचा विषय निघाला का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसत नाही. त्यांना विचारायचं तर इचलकरंजीला जावं लागतं आणि त्या काय बोलतील याचा भरवसा नाही. तुम्ही जवळ आहात, मोठ्या आहात, बाईमाणूस आहात, पाया पडलं की विरघळाल. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेताना हीच भाषा असते. "तुझं मन मोठं, तुला काय कमी आहे, माहेर तुटायला नको." दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठ्याला शाई लावून बसलेल्या किती बहिणी मी वकिलीत बघितल्या! त्यांतल्या काही खरंच राजीखुशीनं आलेल्या असतात. बऱ्याच जणींना भावजयीसमोर वाईट दिसायचं नसतं, एवढंच. तुमच्याकडं यावेळी जमीन मागितलेली नाही, पण कागद त्याच नमुन्यातला आहे.

वाल्याची गोष्ट भावकीनं काढली ते बरं केलं, पण अर्धीच सांगितली. नारदानं वाल्याला घरी पाठवलं ते विचारायला, की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी होणार का. बायको, पोरं सगळ्यांनी हात वर केले: तुझं पाप तू बघ. तिथून तो माणूस बदलायला लागला. तुमच्या गावात बरोबर उलटं चाललंय. सगळी भावकी वाटेकरी व्हायला तयार आहे, पाप वाटून घेऊ म्हणजे कुणाच्याच वाट्याला फार येणार नाही. आणखी एक. वाल्यानं मारलेल्या माणसांचे खडे रांजणात साठत गेले असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या खड्यांच्या घरी "आता माफ करा" म्हणत कुणी गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. वाल्मीकी झाला तो स्वतःच्या तपानं झाला, त्यांच्या सहीनं नव्हे.

"त्यानं भोगलं" या वाक्यावर थोडं कायद्याचं बोलते, कारण आपल्याकडं यात फार घोळ आहे. जन्मठेप म्हणजे 14 वर्षं असं सर्रास समजतात. सर्वोच्च न्यायालयानं 1961 सालीच सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म. 14 वर्षांचा आकडा येतो तो दुसरीकडून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली असेल, तर प्रत्यक्ष 14 वर्षं आत काढल्याशिवाय सरकार सूट देऊन सोडू शकत नाही. 1978 पासून हे कायद्यात आहे, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम 475 म्हणून आलं आहे. म्हणजे 14 वर्षांनी सुटकेचा हक्क मिळत नाही, फक्त अर्जाचा विचार होऊ शकतो. तुमच्या चुलत भावाला सरकारनं सोडलं ते त्याची वागणूक आणि इतर निकष बघून. ती माफी नाही, त्यानं गुन्हा केला हा निकाल त्यानं पुसला जात नाही. सुटकेला अटी असतात, त्या मोडल्या तर सरकार त्याला परत आत टाकू शकतं. आणि खून हा आपसात मिटवता येणारा गुन्हाच नाही. तुम्ही 2009 मध्ये कोर्टात उभं राहून माफ केलं म्हणाला असता, तरी खटला चाललाच असता. याचा तुम्हाला आधार वाटायला हवा. कायद्याचं काम कायद्यानं केलं, त्यात तुमच्या मनाचा कमी-जास्तपणा कुठंच आड आला नाही, पुढंही येणार नाही.

मग शिक्षा वेगळी, माफी वेगळी, हे ज्यांनी जगून दाखवलं त्यांची आठवण होते. ओडिशात 1999 च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, कुष्ठरोग्यांचं काम पुढं चालवलं. पण म्हणून खटला थांबला नाही, मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. दुसरी गोष्ट मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया यांना 1995 मध्ये चालत्या बसमधून जाताना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण सेल्मी, त्याही सिस्टर, काही वर्षांनी तुरुंगात गेल्या आणि खुन्याला राखी बांधून आल्या. पुढं घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले आणि 2006 मध्ये तो बाहेर आला.

ही उदाहरणं मी तुम्हाला लाजवायला देत नाही. उलट बघा, तिथं काय होतं आणि तुमच्याकडं काय नाही. सेल्मींना कुणी देवळात बोलावून घेतलं नव्हतं. लग्नाची तारीख धरून माफी उरकायची घाई नव्हती. त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला गेल्या. घरच्यांनी आपापला हिस्सा सोडला, दुसऱ्याचा नाही. असं करणारी माणसं फार मोठी. पण ज्यांना ते जमत नाही ती छोटी, असा हिशोब मी कधी मांडणार नाही. भरपूर मोठ्या मनाची माणसं माझ्या पाहण्यात आहेत ज्यांनी मरेपर्यंत माफ केलं नाही आणि कुणाचं वाईटही केलं नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. गावित मायलेकींचं प्रकरण कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. 1990 ते 1996 या काळात लहान लेकरं पळवली, चोरीसाठी वापरली आणि नकोशी झाली तशी मारली. त्या टोळीतल्या जावयाला कायद्यानं माफीचा साक्षीदार केलं, त्याची साक्ष हवी होती म्हणून. हीसुद्धा एक माफीच, पण तिथं कुणाचं मन निवळलं म्हणून दिलेली नव्हे. खटला उभा राहावा म्हणून केलेला तो सौदा होता. दोघी बहिणींना 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरी अंमल होईना, आणि त्या दिरंगाईपायी जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. त्या लेकरांच्या आयांना "झालं गेलं पंचगंगेला मिळालं, आता माफ करा" असं म्हणायची कुणाची छाती होईल का? नाही होणार. कारण मारणाऱ्या कुणाच्या भावकीतल्या नव्हत्या. तुमच्यावर माफीचा दाब येतोय तो गुन्हा लहान म्हणून नव्हे, गुन्हेगार घरचा म्हणून.

इथं तुमच्या मुलाकडं वळते. फाशी हवी होती असं त्याला वाटतं, वाटू दे. तो मामाच्या बाजूनं बोलतोय आणि बाकी सगळं गाव दुसऱ्या बाजूनं बोलत असताना कुणीतरी मामाच्या बाजूनं बोलायला पाहिजेच. पण 1980 पासून आपल्या देशात फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच देता येते. बांधावरच्या रागात एक घाव घातला, अशा खुनाला ती लागली नाही यात न्यायालयाचं काही चुकलं असं मला दिसत नाही.

'रक्तातच खून आहे' हे मात्र त्याला बोलू देऊ नका. पहिलं म्हणजे ते रक्त त्याच्या आईचंही आहे, पणजोबा एकच. दुसरं, माणसाचा न्याय जन्मावरून करायचा धंदा आपल्याकडं फार झालाय. काही जातींच्या माणसांना, चोरी केली असो-नसो, गावात रोजची हजेरी द्यावी लागायची. शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली. त्या गावचा मुलगा एकविसाव्या शतकात मामेबहिणीच्या सगळ्या घराला रक्तावरून गुन्हेगार ठरवतो, हे बरं दिसत नाही. खोरं एकानं उचललं. त्याचं नाव माहीत आहे. निवाडा त्याचा करा, त्याच्या पोरीचा नको, म्हाताऱ्या आईचा नको. आणि पोरगा डोक्यात राख घालून रात्री-अपरात्री गावाकडं गाडी काढणार नाही एवढं तुम्ही आणि त्याच्या वडलांनी बघायचं. एका खोऱ्यानं दोन घरं बसली, तिसरं बसायला नको.

आता खेट्याचं. पत्रातल्या त्या ओळीशी मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. तुम्हाला वाटतं की खांद्यावर बसवून डोंगर चढणारा दादा आठवला म्हणजे भावाशी बेइमानी झाली. तसं अजिबात नाही. माघातल्या रविवारी पायवाटेनं जोतिबाला जाताना, दम लागलेला असताना दुसऱ्याचं लेकरू खांद्यावर घेणारा माणूस चांगलाच होता, त्या दिवशी. त्याच माणसानं पुढं खोरं उचललं. दोन्ही खरं आहे आणि एक खरं दुसऱ्याला खोडत नाही. उलट मला विचाराल तर त्या आठवणीनं त्याचा गुन्हा जड होतो. राक्षसाला काय दोष द्यायचा, त्याला माया म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. ह्याला ठाऊक होतं. लहान पोरीचे सुजलेले पाय त्याला कळत होते. तरी अर्ध्या हाताच्या बांधासाठी, लहानपणापासून ओळखीच्या डोक्यावर त्यानं घाव घातला. त्याचा निवाडा माणूस म्हणूनच करायचा आणि माणूस म्हणून केला की तो सौम्य होत नाही.

म्हणून राग पुरता धरवत नाही याची लाज वाटून घेऊ नका. राग रोज चुलीवर ठेवून उकळत ठेवलाच पाहिजे असा काही नियम नाही. तुम्हाला त्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि तरी रात्री त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येतं, असं सगळं एकाच बाईला एकाच रात्री होऊ शकतं. कोर्टात समोरासमोर उभ्या राहिलेल्या भावकीत हे मी पुष्कळ बघितलंय. आरोपीला शिक्षा सुनावल्यावर मेलेल्याची आई आरोपीच्या आईच्या गळ्यात पडून रडते, आणि दुसऱ्याच दिवशी अपिलाला विरोध करायला वकील गाठते. दोन्ही वेळा ती खरीच असते.

काकूंचं काय करायचं? डबा परत पाठवू नका. त्या बाईनं काही केलेलं नाही, इतकी वर्षं मुलाच्या भेटीसाठी कळंब्याच्या दारात रांग लावून उभं राहणं हेही भोगणंच आहे. पुन्हा आल्या तर त्यांना पाया पडू देऊ नका, खुर्ची द्या, चहा द्या. आणि सांगा, काकू, तुमच्यावर माझा राग नाही, पण तुमच्या मुलाच्या वतीनं तुम्ही मागू नका आणि माझ्या भावाच्या वतीनं मी देणार नाही.

लग्नाला जायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आहे. ती मुलगी खुनाच्या वेळी लहान असणार. शाळेत 'खुन्याची पोर' म्हणून तिनंही काय काय ऐकलं असेल. तिच्यासाठी जावंसं वाटलं तर जा, अक्षता टाका, जेवायला थांबू नका. गेलात म्हणून माफ केलं असं होत नाही. नाही गेलात तरी त्या मुलीला वेगळं काहीतरी पाठवता येईल. जाण्याआधी मात्र एकदा वहिनींना फोन करा, परवानगीसाठी नव्हे, पत्रिका त्यांच्या कानावर परस्पर जाऊ नये म्हणून.

राहिला तो स्वतः. तुमच्या सबंध पत्रात तो कुठंच बोललेला नाही. आई येते, भावकी बोलते, हा गप्प. जेलमधून आलेल्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, ते मी समजू शकते. पण माफी मागायची असेल तर ती त्यानंच मागायची, आधी इचलकरंजीला आणि मग मंगळवार पेठेत. "घडू नये ते घडलं" असल्या गोलमाल भाषेत नव्हे. 'मी मारलं, बांधासाठी मारलं' एवढं त्याच्या तोंडून आलं पाहिजे. मग तुम्ही काय उत्तर द्यायचं, केव्हा द्यायचं, द्यायचं की नाही, ते तुमचं.

आणि भावकीला माझ्यातर्फे एक विचारा. ज्या बांधावरून हे झालं, तो बांध आज कुठं आहे? पत्र दोनदा वाचलं, पण तो मागं सरकवल्याचा उल्लेख मला सापडला नाही. माफीची एवढी घाई असलेल्यांनी आधी हद्द कायम मोजणी करून घ्यावी. अर्ज करवीरच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जातो. तो वहिनींच्या सहीनं जाऊ दे, सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचं आणि मुलीचं नाव लागलंय का तेवढं आधी तलाठ्याकडं बघून घ्या. मोजणीची फी चुलत भावानं भरावी, आणि मोजणीदार खुणा दाखवेल तिथं दगड त्यानं स्वतःच्या हातानं रोवावेत. पत्रिका छापून येण्याच्या आत अर्ज जाऊ शकतो.